नाशिकच्या डोंगरांतील बंडे आणि त्यांचा बंदोबस्त

पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता संगमनेर मागे टाकून सिन्नरच्या पठारावर येतो, त्या टप्प्यात नांदूर-शिंगोटे नावाचे गाव लागते. १८५७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ४ तारखेस या गावाबाहेर दोन छोट्या टोळ्या समोरासमोर उभ्या होत्या. एका बाजूस अहमदनगरचा पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री, त्याचे दोन साहाय्यक, तीसएक शिपाई आणि तलवारी बांधलेले काही महसुली चपराशी. दुसऱ्या बाजूस, पुणे-नाशिक रस्ता माऱ्यात येईल अशा टेकाडावर, भागोजी नाईक आणि त्याच्याभोवती जमलेले पन्नासाच्या आसपास भिल्ल. चकमकीपूर्वी निरोपांची देवाणघेवाण झाली. सिन्नर आणि अकोले येथील मामलेदारांमार्फत भागोजीस शरण येण्याविषयी सांगण्यात आले. त्याचे उत्तर असे आले की, दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा आणि पुढील निर्वाहाची काही तजवीज व्हावी. त्यावाचून आपण खाली येणार नाही. हेन्रीने चढाईचा हुकूम दिला. गोळीबार झाला आणि त्यात हेन्री स्वतः ठार झाला. येथून पुढे दोन वर्षे नाशिक, नगर आणि खानदेश या मुलखांतील डोंगर शांत झाले नाहीत.

इतिहासाच्या पुस्तकांत १८५७ साल म्हटले म्हणजे दिल्ली, कानपूर, झाशी ही नावे येतात. नांदूर-शिंगोट्याचे नाव आलेच तर तळटीपेत येते. तथापि भागोजीने जी मागणी केली ती नीट पाहिली असता ध्यानात येते की, हा मनुष्य दिल्लीच्या बादशहासाठी लढत नव्हता आणि केवळ लुटीसाठीही नव्हे. तो पूर्वी नगरच्या पोलिसांत अंमलदार होता. १८५५ साली दंगा केल्याच्या व पोलिसांस अडथळा केल्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल त्याच्याकडून जामीन घेण्यात आला. ती मुदत संपते न संपते तोच १८५७ च्या धामधुमीत सरसकट हत्यारे काढून घेण्याचा सरकारी हुकूम निघाला आणि भागोजी गाव सोडून डोंगरात गेला. आता, ज्याची नोकरी दोन वर्षांपूर्वीच गेली, त्याने त्या दोन वर्षांचा पगार मागावा हे इंग्रज अधिकाऱ्यास हास्यास्पद वाटले असेल. भागोजीस ते तसे वाटले नाही. नाईकपण ही साहेबाने दिलेली आणि साहेबाने काढून घ्यावयाची चाकरी आहे, ही कल्पनाच त्याला परकी होती. ही समजूत कोठून आली, हे पाहावयाचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

नाशिकचा मुलूख हा घाटांचा मुलूख आहे. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत. तिच्यातून कोकणात उतरणारा थळघाट आणि गुजरातेकडे जाणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या वाटा. उत्तरेस सातमाळ्याची रांग. तिच्यातून खानदेशात शिरणारी चांदवडची खिंड, आणि पूर्वेस त्याच रांगेच्या पुढे कन्नडचा घाट. व्यापाऱ्याचे तांडे, सरकारी खजिना आणि लष्कराचे बुणगे यांस या तोंडांतूनच जावे लागे. जो या घाटांच्या माथ्यावर बसला त्याच्या हाती रस्त्याची किल्ली होती. आणि माथ्यावर बसलेला मनुष्य बहुधा महादेव कोळी, भिल्ल किंवा ठाकूर असे. त्याला हुसकून लावणे शहाणपणाचे नाही, हे मराठी राज्यकर्त्यांस पक्के ठाऊक होते. म्हणून गावोगावच्या रखवालीचे हक्क नाइकांस तोडून दिलेले असत. गावाने धान्य व थोडी रोकड द्यावयाची आणि नाइकाने वाट राखावयाची. चोरी झाली तर माग काढावयाचा, अथवा नुकसान भरून द्यावयाचे. किल्ल्यांच्या पायथ्याशी मेटी बसविलेल्या असत आणि तेथील मेटकरी पिढ्यानपिढ्या किल्ल्याच्या वाटा राखीत. त्र्यंबकगडाखालच्या मेटघर या गावाच्या नावात ती व्यवस्था अजून शिल्लक आहे.

ही व्यवस्था गोडीगुलाबीची होती असे समजण्याचे कारण नाही. नाइकाचा हक्क थकला की तोच नाईक वाट अडवी. एका अर्थाने ते त्याचे वसुलीचे साधनच होते, आणि दरबारही ते जाणून असे. सवाई माधवरावांच्या अमदानीत जावजी बांबळे नावाचा कोळी नाईक बंड करून उठला, त्याने डोंगरी किल्ले घेतले आणि पुण्याहून आलेल्या तुकड्यांना दाद दिली नाही. अखेर नाशिककडील सरकारी अंमलदाराच्या सल्ल्याने त्याने आपले किल्ले तुकोजी होळकराच्या स्वाधीन केले. होळकराने रदबदली केली, नाइकास माफी मिळाली आणि साठ गावांचा लष्करी व पोलिसी बंदोबस्त त्याच्याकडे सोपविण्यात आला. काल ज्याला पकडण्यासाठी फौज फिरत होती, आज तोच इतर बंडखोरांना पकडू लागला. १७८९ साली तो वारला तेव्हा त्याचा मुलगा हिराजी त्याच्या जागी आला. इंग्रजी पुस्तकांत अशा तडजोडींस दुर्बळ राज्याचे लक्षण म्हटलेले आढळते. परंतु ज्या राज्यापाशी प्रत्येक खिंडीत ठाणे बसविण्याइतका पैसा नाही, त्याने खिंडीतल्या माणसाशीच करार करावा, यात दुर्बळपणापेक्षा व्यवहारच अधिक दिसतो.

करार टिकावयाचा तर दोन्ही पक्ष जिवंत असावे लागतात. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, १८०० मध्ये नाना फडणीस गेले, आणि राज्य नावापुरते उरले. १८०२ साली यशवंतराव होळकराच्या फौजा या प्रांतातून गेल्या. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. गावे ओस पडली. जेथे गावच उरले नाही तेथे नाइकाचा हक्क कोण देणार? ज्यांना रस्ते राखण्यासाठी पोसले जात होते, ते रस्त्यांवर उतरले. त्यांच्यात उपासमारीने देशोधडीस लागलेले कुणबी आणि नोकरी सुटलेले शिपाई मिसळले. पुढे भिल्लांच्या टोळ्या म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्यांत निव्वळ भिल्ल किती होते हा प्रश्नच आहे.

या अरिष्टावर बाजीरावाच्या अंमलदारांनी जो उपाय योजला, तो मराठी इतिहासातील अत्यंत लाजिरवाण्या प्रकरणांपैकी एक होय. खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना बोलणे करण्यासाठी कोपरगावास बोलाविले. ते विश्वासाने आले. तेथे त्यांना दगा देऊन पकडण्यात आले आणि बहुतेकांना दोन विहिरींत लोटून ठार मारण्यात आले. कोपरगाव हे गोदावरीच्या काठचे गाव, पेशव्यांच्या वाड्यासाठी प्रसिद्ध. पण डोंगरातील लोकांच्या लेखी त्या गावाचे नाव पुढे दोन पिढ्या त्या विहिरींशीच जोडलेले राहिले. यानंतर त्र्यंबकजी डेंगळ्याकडे या भागाचा कारभार आला आणि त्याच्या अमलात गोदाकाठी भिल्लांची सरसहा कत्तल झाली. बायकामुलेही सुटली नाहीत. मारले गेलेल्यांचे आकडे हजारांत सांगितले जातात. आणि परिणाम? थोडे दिवस शांतता, मग पूर्वीपेक्षा मोठी बंडाळी. जो बोलण्यास आला तोच मारला गेला, हे एकदा कळल्यावर बोलण्यास येणारा कोणी उरला नाही. सरकारच्या शब्दाची किंमत शून्य झाली, आणि ही किंमत पुन्हा उभी करण्यास नंतरच्या सरकारास किती खटपट करावी लागली, ते पुढे दिसेलच.

दैवगती अशी की, हाच त्र्यंबकजी थोड्याच वर्षांत स्वतः डोंगराच्या आश्रयास आला. १८१५ साली पंढरपूर येथे गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्या प्रकरणी इंग्रजांनी त्र्यंबकजीस ठाण्याच्या किल्ल्यात ठेविले. १८१६ च्या सप्टेंबरात तो तेथून निसटला आणि रामोशी, मांग, भिल्ल अशा लोकांची जमवाजमव करू लागला. तो मूळचा संगमनेरकडील निमगाव जाळीचा. हा सारा मुलूख त्याच्या पायाखालचा. ज्यांच्या भाऊबंदांना त्याच्या अमलात कापून काढले त्यांतलेच काही आता त्याच्या झेंड्याखाली आले. यात नवल वाटण्याजोगे असले तरी उपाशी शिपाई मागचा हिशेब फार दिवस ठेवीत नाही. या जमवाजमवीस बाजीरावाची आतून फूस आहे, असे एल्फिन्स्टनचे म्हणणे होते. त्याच कारणावरून १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा तह पेशव्यांच्या गळ्यात बांधण्यात आला. १८१८ च्या जूनअखेर त्र्यंबकजी निफाडजवळच्या अहेरगावात पकडला गेला आणि गंगेकाठी चुनारच्या किल्ल्यात बंदिवान होऊन १८२९ साली तेथेच मेला.

१८१८ च्या वसंतात कर्नल मॅक्डॉवेलच्या फौजेने नाशिकचे किल्ले घेतले, ती हकीगत लांबविण्याचे कारण नाही. अंकाई-टंकाई न लढता पडले, राजदेहेर लढला, एप्रिलअखेर त्र्यंबकगड शरण आला आणि त्याबरोबर उरलेल्या गडांनी दारे उघडली. अपवाद मालेगावचा. नारो शंकर राजेबहादुरांनी बांधलेल्या त्या भुईकोटात अरब शिबंदी बसली होती. राज्य बुडाले, पगार बुडाला, पाठीशी कोणी नाही, अशा स्थितीत त्या लोकांनी सुमारे महिनाभर किल्ला लढविला आणि इंग्रजांची दोनशेंहून अधिक माणसे मारली किंवा जखमी केली. दारूखाना उडाल्यानंतरच ते बाहेर आले. पुढे इंग्रजांनी कित्येक डोंगरी किल्ल्यांच्या पायऱ्या व दरवाजे सुरुंग लावून उडवून दिले. किल्ल्यांवर पुन्हा कोणी ठाण मांडू नये, हा हेतू. त्याबरोबर मेटकऱ्यांचे पिढीजात काम मात्र नाहीसे झाले.

खानदेशचा पहिला इंग्रज एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज होता. त्याने सातमाळ्याच्या वाटा बंद केल्या, टोळ्यांची रसद तोडली, सापडतील त्यांना फासावर दिले, आणि जे शरण येतील त्यांना पेन्शने देऊ केली. योगायोग पाहण्यासारखा आहे: १९५० साली मलायातील कम्युनिस्ट बंडाचा मोड करण्यासाठी जी योजना आखली गेली तिचा कर्ता जनरल हॅरोल्ड ब्रिग्ज हाही त्याच आडनावाचा होता, त्यानेही जंगलातील टोळ्यांची रसद तोडण्यासाठी सुमारे पाच लाख लोकांना उठवून कुंपणाच्या वसाहतींत नेऊन बसविले. उपायांची वंशावळ आडनावांच्या वंशावळीपेक्षा लांब असते. खानदेशात मात्र सात वर्षे हे सारे करूनही बंड मोडले नाही. एक नाईक मारला की दुसरा उभा राही, आणि सपाटीवरच्या पलटणी डोंगरातील तापाने आजारी पडून परत येत.

तेव्हा १८२५ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. भिल्लांच्या मुलखासाठी वेगळ्या एजन्सी नेमण्यात आल्या. कन्नडास मेजर ओव्हान्सने शेतीची वसाहत बसविली आणि बैल, बियाणे व तगाई देऊन लोकांना जमिनीवर आणण्याचा प्रयत्न केला. भिल्लांचीच एक पलटण उभी करण्याचे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे आले. त्या सुमारास अनुभवी अधिकाऱ्यांस ही कल्पना वेडगळपणाची वाटत होती. औट्रमने प्रथम एका टोळीवर छापा घातला, काही लोक पकडले, त्यांतल्याच काहींस सोडून देऊन बाकीच्यांस आणावयास पाठविले आणि अशा रीतीने आपल्याभोवती थोडेसे भिल्ल जमविले. पहारा म्हणून तेच. तो त्यांच्याबरोबर शिकारीस जाई आणि त्यांच्या पहाऱ्यात निर्धास्त झोपे.

तरीही भरती होईना. डोंगरात अफवा अशी की, सरकार सर्वांना एकत्र गोळा करून एकदम मारणार आहे. अधिकाऱ्यांनी हा अडाणी लोकांचा भ्रम म्हणून नोंदविला आहे. परंतु कोपरगावच्या विहिरी ज्यांच्या बापांनी पाहिल्या होत्या त्यांच्या दृष्टीने हा भ्रम नव्हता, अनुभव होता. ही भीती मोडली ती एका साध्या गोष्टीने. नवी तुकडी मालेगावच्या छावणीत नेण्यात आली तेव्हा औट्रमच्या मूळच्या २३ व्या पलटणीतील शिपायांनी, ज्यांत उच्चवर्णीय पुष्कळ होते, या भिल्लांस तुच्छतेने वागविले नाही; त्यांची विचारपूस केली, त्यांना पानसुपारी दिली. ही बातमी डोंगरात पोहोचली, आणि त्यानंतर भरती वाढत गेली. दोन-तीन वर्षांत पलटणीत शेकडो लोक झाले. धरणगाव हे तिचे ठाणे. पुढे १८९१ मध्ये ती पोलिसांत विलीन झाली. कन्नडच्या घाटाला औट्रम घाट हे नाव अजून ऐकू येते. औट्रम पुढे लखनौपर्यंत पोहोचला आणि मोठा सरदार झाला, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्या पानसुपारी देणाऱ्या शिपायांची नावे कोठेही नाहीत.

उत्तरेकडे हा प्रयोग चालू असता दक्षिणेकडे, अकोले, जुन्नर आणि नाशिकच्या पश्चिम डोंगरांत, कोळ्यांच्या बाबतीत नेमकी उलट चाल चालली होती. येथे भांगरे घराण्याचा इतिहास बोलका आहे. १७९८ साली या घराण्यातील तिघा भावांनी पेशव्यांविरुद्ध बंड केले. त्यांपैकी वाळोजीस तोफेच्या तोंडी देण्यात आले. वाळोजीचा मुलगा रामजी काही केल्या हाती लागेना, तेव्हा त्याला माफी देऊन पोलिसी बंदोबस्ताच्या कामावर घेण्यात आले, आणि त्याने ते काम उत्तम केले. इंग्रज आल्यावर नाइकांचे हक्क कमी झाले, कित्येकांचे बंद झाले. १८२९ च्या सुमारास पुन्हा कोळ्यांचे बंड झाले. ते मोडले. त्याच घराण्यातला राघोजी भांगरे १८४४ पासून पुन्हा डोंगरात दिसू लागला.

राघोजीच्या काळापर्यंत तक्रारीचे स्वरूप बदलले होते. आता रोष सावकारावर होता. इंग्रजी दिवाणी कोर्टांनी कर्जरोख्याला अशी धार आणली होती की, तिच्यापुढे शेतकऱ्याचा निभाव लागेना. पूर्वी सावकाराला गावाच्या मर्जीने वागावे लागे. आता त्याच्या मागे हुकूमनामा आणि बेलिफ उभा राहिला. राघोजीच्या लोकांनी गावोगाव सावकारांची घरे फोडली, कित्येकांची नाके कापली. सावकार डोंगरपट्टी सोडून मोठ्या गावांत पळाले. क्रौर्य ते क्रौर्यच. परंतु सामान्य कुळांनी राघोजीस तीन-चार वर्षे का लपविले, हे त्या रोख्यांवाचून कळावयाचे नाही. त्याच्या शोधात गोरगरिबांचा जो छळ झाला त्याने पोलिसांविषयीची भीती वाढली, माहिती मिळाली नाही. शेवटी १८४८ च्या जानेवारीत तो पंढरपुरास लेफ्टनंट गेलच्या हाती सापडला. त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्यास त्याला फाशी दिले.

यानंतर नऊ वर्षांनी नांदूर-शिंगोट्याची चकमक झाली. हेन्री पडल्याची वार्ता पसरताच नगर, नाशिक व खानदेश या तिन्ही बाजूंचे भिल्ल उठले. राहुरीकडे एक टोळी उभी राहिली. अकोल्याच्या डोंगरात समशेरपूर येथे झटापट झाली. १८५८ च्या जानेवारीत नांदगावच्या बाजूस दाट रानात दबा धरून बसलेल्या भिल्लांवर मेजर मॉंटगोमेरीची फौज चालून गेली, तेव्हा भिल्लांनी समोरची झुडपे तोडून माऱ्याची जागा मोकळी करून ठेविली होती. पहिल्याच फैरीत सरकारी फौजेचे मोठे नुकसान झाले. निजामाची सरहद्द जवळ असल्यामुळे पाठलाग निम्म्यावर थांबे. पलीकडून रोहिले आणि अरब येऊन मिळत. एका राज्याच्या शांततेची किल्ली दुसऱ्या राज्याच्या सरहद्दीत असते, ही अडचण त्या अधिकाऱ्यांच्या कागदांत वारंवार उमटते.

दरम्यान पश्चिमेकडे वेगळाच वणवा पेटला. ५ डिसेंबर १८५७ च्या रात्री भिल्ल व ठाकूर यांनी त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरसूलचा बाजार लुटला गेला आणि पेठकडे दंगा पसरला. पेठ संस्थानच्या गादीवर हक्क सांगणारा भगवंतराव या प्रकरणात सापडला व त्याला फाशी झाली. त्र्यंबकास तर कारस्थान ब्राह्मणांचे, या समजुतीने गावातल्या ब्राह्मणांना छावणीत आणून ओळीने उभे करण्यात आले. एका ठाकूर कैद्याने त्यांच्यातून ज्याच्याकडे बोट दाखविले, त्यालाही फासावर चढविण्यात आले. जिवाच्या भीतीने उभ्या असलेल्या कैद्याची साक्ष कितपत विश्वसनीय मानावी, हा प्रश्न त्या दिवसांत कोणी विचारला नाही.

या गोंधळातून सरकारने जो मार्ग काढला तो मात्र जुनाच होता, जावजी बांबळ्याच्या वेळचा. कॅप्टन नटॉल याने जुन्नर, अकोले आणि नाशिक येथील डोंगरांतून कोळ्यांची पलटण उभी केली. प्रमुख म्हणून बांबळे घराण्यातलाच जावजी नाईक नेमला. आणि अंमलदारांत, दहा वर्षांपूर्वी ठाण्यास फासावर गेलेल्या राघोजी भांगऱ्याचा भाऊ होता. ज्यांनी किरकोळ गुन्हे करून रान धरले होते अशांनाही माफी देऊन भरती केले. कोळी आणि भिल्ल यांचे पिढीजात वैर सरकारच्या पथ्यावर पडले. या पलटणीचा थाट वर्णन करण्याजोगा होता: गडद हिरवे फेटे, हिरव्या बंड्या, गुडघ्यापर्यंत तांबडी धोतरे आणि पायांत वहाणा. तंबू नाही, सामानाचे गाडे नाहीत. हुकूम झाला की घोंगडी खांद्यावर टाकून निघावे, मिळेल ते खावे, उघड्यावर निजावे. १८५८ मध्ये त्यांची संख्या सुमारे सहाशेवर गेली. गोऱ्या पलटणींना ज्या कपाऱ्या सापडत नव्हत्या, त्या यांच्या घरामागच्या होत्या.

हेन्रीच्या जागी फ्रँक सूटर आला. याचा बाप कॅप्टन सूटर १८४२ साली काबूलहून माघार घेताना, गंडमकच्या टेकडीवर सारी पलटण कापली गेली तेव्हा, कैद होऊन वाचलेल्या मोजक्या लोकांपैकी. डोंगरी लोकांना ठरलेली तनख्याची रक्कम अर्ध्यावर आणली म्हणून काबूलच्या खिंडी बंद झाल्या आणि एक सबंध फौज नाहीशी झाली, हे त्या घराण्यास कोणी सांगावयास नको होते. काबूलच्या खिंडींतले घिलझई आणि सिन्नरचे भिल्ल यांच्यात भाषेचे, धर्माचे, हवेचे काहीही साम्य नाही. ठरलेले देणे थांबले की वाट थांबते, एवढे मात्र दोन्ही ठिकाणी सारखेच खरे ठरले. अलीकडच्या काळातही इराकच्या अन्बार प्रांतात २००६ नंतर अमेरिकनांनी कालच्या शत्रूंतूनच रखवालदारांच्या तुकड्या उभ्या केल्या, महिन्याला सुमारे तीनशे डॉलर प्रत्येकी दिले आणि रस्ते मोकळे झाले. २००८ मध्ये हा खर्च बगदादच्या सरकारकडे गेला, पगार रेंगाळले, कायमच्या नोकरीचे वचन थोड्यांपुरतेच पाळले गेले, आणि काही वर्षांत तोच प्रांत पुन्हा पेटला.

भागोजीचा शेवट १८५९ साली झाला. त्या वर्षीच्या जुलैत संगमनेरजवळ नटॉलच्या लोकांशी त्याची गाठ पडली. त्यातून तो निसटला. ऑक्टोबरात त्याने कोऱ्हाळे गाव लुटले. नटॉल त्याच्या मागावर राहिला आणि ११ नोव्हेंबर रोजी सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे सूटरच्या पोलिसांनी त्याला घेरले. नाल्यात व झुडपांत हातघाईची लढाई झाली. भागोजी आणि त्याचे बहुतेक साथीदार तेथेच पडले. ते गाव नांदूर-शिंगोट्यापासून फार लांब नाही. दोन वर्षे तीन जिल्हे आणि निजामाचा मुलूख पालथा घालून नाईक आपल्या घराच्या आसपासच आला होता. सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला, त्याला ‘सर’ हा किताब मिळाला.

कोळ्यांच्या पलटणीची गरज सरली. १८६१ च्या मार्चमध्ये ती मोडण्यात आली. थोडे लोक पोलिसांत घेतले गेले. बाकीचे हिरवे फेटे उतरवून डोंगरातल्या आपापल्या शेतावर परत गेले. त्याच सुमारास त्या शेतांवरचे रोखे सावकारांच्या पेट्यांत वाढू लागले होते.